देवमाशाचें दर्शन

समुद्र म्हटला कीं मुंबईकराच्या डोळ्यांपुढें चौपाटी उभी राहते, आणि कोंकणांतील माणसाच्या डोळ्यांपुढें नारळीपोफळीच्या कडेनें पसरलेली वाळू. किनाऱ्यापासून दोन कोस जावें आणि खालीं हजार मीटर पाणी असावें, अशा समुद्राची कल्पना आपल्याकडे सहसा कोणास येत नाहीं. आपला पश्चिमेकडील समुद्र किनाऱ्यालगत उथळ आहे; तो खोल होतो तो पुष्कळ दूर गेल्यावर. त्यामुळें देवमासा हा प्राणी बहुतेकांस ठाऊक असतो तो क्रमिक पुस्तकांतील चित्रावरून, किंवा वाहत येऊन वाळूवर पडलेल्या एखाद्या मृत देहाच्या बातमीवरून. जिवंत देवमासा त्याच्या घरीं जाऊन पाहावयाचा असेल, तर जमिनीला खेटूनच खोल पाणी असलेलें ठिकाण शोधावें लागतें.

असें एक ठिकाण म्हणजे अटलांटिक महासागरांतील अझोर्स बेटें. लिस्बनच्या पश्चिमेस सुमारें दीड हजार किलोमीटरांवर पसरलेलीं हीं नऊ बेटें पोर्तुगालचा एक स्वायत्त प्रांत आहेत. हिंदुस्थानच्या इतिहासाशीं त्यांचा एक बारीकसा धागा जुळलेला आहे. कालिकतचें बंदर पाहून वास्को द गामा मायदेशीं परत जात असतां १४९९ सालीं त्याचा भाऊ पावलो वाटेंत अत्यवस्थ झाला. वास्कोनें आपलें जहाज दुसऱ्याच्या हवालीं केलें आणि भावाला घेऊन तो या बेटांपैकीं तेर्सेरा नांवाच्या बेटावर गेला. तेथेंच पावलोचा अंत झाला. ज्याच्या नांवानें मलबारचा किनारा पुढें कांपला, त्या कठोर माणसाच्या चरित्रांतील ही एक हळवी जागा आहे. त्यानंतर मिरीं आणि मसाले भरून परतणारीं पोर्तुगीज जहाजें कितीतरी वर्षें पाणी व ताजा शिधा घेण्यास याच बेटांस लागत असत.

या नऊ बेटांपैकीं पिको हें बेट म्हणजे समुद्रांतून सरळ वर आलेला एक ज्वालामुखी पर्वतच होय. त्याचें शिखर २३५१ मीटर उंच आहे. साऱ्या पोर्तुगालांत याहून उंच शिखर नाहीं. जमीन जशी येथें एकदम वर चढते, तशीच ती पाण्याखालीं एकदम उतरते. बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर लाजेश नांवाचें गांव आहे. काळ्या दगडाचीं घरें, काळ्या दगडाचे बांध आणि समोर क्षितिजापर्यंत महासागर.

या गांवासमोरच्या पाण्यांत ज्याचा नेहमींचा वावर असतो, त्या देवमाशास इंग्रजींत स्पर्म व्हेल आणि पोर्तुगीजांत काशालोत म्हणतात. देवमासा हा नांवाचाच मासा. तो फुप्फुसांनीं श्वास घेतो, त्याचें रक्त उष्ण असतें आणि मादी पिलाला दूध पाजते. देवमाशांतही काशालोत आगळा. त्याच्या खालच्या जबड्यांत मोठाले दांत असतात. पूर्ण वाढलेला नर सोळा मीटरांपर्यंत लांब आणि चाळीस टनांहून जड भरतो. मादी अकरा मीटरांच्या आसपास. शरीराचा जवळजवळ तिसरा हिस्सा नुसतें डोकें, आणि त्यांत सगळ्या प्राणिसृष्टींतील सर्वांत मोठा मेंदु. त्याच डोक्यांत मेणासारखें गोठणारें तेल असतें, आणि त्या तेलापायींच या बिचाऱ्यावर काळ ओढवला. पाऊण तास, प्रसंगीं तासभरही श्वास रोखून तो हजार मीटर खोल अंधारांत बुडी मारतो आणि तेथील माकूल पकडून खातो. त्या काळोखांत डोळ्यांचा उपयोग नाहीं. म्हणून तो डोक्यांतून टक् टक् असा आवाज काढतो आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्याचा ठाव घेतो. वर आला म्हणजे आठदहा मिनिटें श्वासोच्छ्वास करतो, शेंपटी उंच उभारतो, आणि पुन्हां नाहींसा होतो. तासांतील हीं आठदहा मिनिटें गांठणें हाच काय तो पाहणाराचा सारा उद्योग.

अत्तराच्या व्यापारांत ज्याला एके काळीं सोन्यासारखें मोल होतें तें अंबर याच प्राण्याच्या आंतड्यांत क्वचित् तयार होतें. ‘व्हेलची उलटी’ या नांवानें तें चोरून विकणारे लोक आपल्या किनाऱ्यावर पकडले जातात, हें वर्तमानपत्रांच्या वाचकांस माहीत आहेच. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानें तो व्यापार आपल्याकडे गुन्हा ठरला आहे.

आतां जून महिन्याच्या आरंभींचा, वारा सुटलेला एखादा दिवस घ्यावा. लाजेशजवळच्या कड्यावर एक ठेंगणी पांढरी खोली आहे. तिला समुद्राच्या बाजूस एक आडवी फट ठेवलेली असून त्या फटीमागें मोठी दुर्बीण मांडलेली असते. या खोलीस तिकडे ‘विजिया’ म्हणतात, आणि आंत बसून टेहळणी करणाऱ्या माणसासही विजियाच म्हणतात. खोली आणि माणूस इतकीं एकरूप झालेलीं आहेत! उजाडतांच हा माणूस आपल्या जागीं येऊन बसतो. रात्रभर नैर्ऋत्येचा वारा वाहिलेला आहे. पिकोच्या शिखरावर ढगाची टोपी चढली आहे. त्या टोपीच्या आकारावरून हवेचें भविष्य सांगण्याची बेटावरील लोकांची जुनी रीत आहे, आणि आजचें भविष्य कांहीं चांगलें नाहीं.

शांत दिवशीं देवमाशाचा फवारा कोसांवरून ओळखूं येतो. पण लाटांचीं टोकें फुटून समुद्र जेव्हां पांढराशुभ्र होतो, तेव्हां हजार पांढऱ्या ठिपक्यांतून एक ठिपका निवडून काढावा लागतो. त्या निवडीच्या खुणा आहेत. लाटेचा फेस उठतो आणि पाण्यावर पसरतो. फवारा उठतो, क्षणभर हवेंत तरंगतो आणि वाऱ्याबरोबर विरून जातो. काशालोताला श्वासाचें भोंक एकच, आणि तेंही डोक्याच्या पुढील टोकाशीं डाव्या अंगास. म्हणून त्याचा फवारा सरळ वर न जातां पुढें आणि डावीकडे कलतो. दुसरी खूण काळाची. एक फवारा दिसल्यासारखा वाटला कीं विजिया दुर्बीण तेथेंच धरून मनांत आंकडे मोजूं लागतो. दहापंधरा सेकंदांनीं त्याच सुमारास दुसरा, मग तिसरा, असे उठत राहिले तर तो लाटेचा फेस नव्हे. बसल्या जागीं दिवसभर हें करावयाचें. वाऱ्यानें डोळ्यांस पाणी येत असतां, उन्हाच्या तिरपेनें पाणी चमकत असतां करावयाचें. देवळांतील जपापेक्षां ही एकाग्रता कमी प्रतीची आहे असें कोणी म्हणूं नये.

ही विद्या पुस्तकांतून आलेली नाहीं. ती शिकारींतून आली आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागांतून देवमासे मारण्यास निघालेलीं जहाजें या बेटांवर शिधापाणी भरून घेत, आणि खलाशीही भरून घेत. बेटांवर दारिद्र्य होतें, सक्तीच्या लष्करी नोकरीची धास्ती होती; कित्येक तरुण रात्रीं चोरून त्या जहाजांवर चढत. त्यांतले जे परत आले, ते हा धंदा हातांत घेऊन आले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बेटांच्या किनाऱ्यांवरूनच शिकार होऊं लागली.

तिची रीत अशी. फवारा दिसला कीं विजिया आकाशांत बाण सोडी. बाणाच्या आवाजासरशीं शेतांतला मनुष्य हातांतलें कुदळ टाकी, सुतार रंधा टाकी, आणि ‘बलैया! बलैया!’ अशी आरोळी ठोकीत सारे धक्क्याकडे धांव घेत. बारा मीटरांच्या आसपास लांबीची, दोन्हीं टोकांस निमुळती, उघडी होडी आणि तींत सात माणसें. विसाव्या शतकांत मोटारबोटी या होड्यांना ओढून जवळपास नेऊं लागल्या. तरी अखेरचें अंतर शिडानें किंवा वल्ह्यांनींच, तेंही चाहूल न लागूं देतां तोडावें लागे, कारण काशालोताचा कान फार तिखट असतो. भाला फेंकावयाचा तो हातानें; तोफबंदुकीचें काम नव्हे. भाला लागला कीं प्राणी बुडी मारी आणि त्याच्यामागें दोर सुटे तो इतक्या वेगानें, कीं घर्षणानें तो पेटूं नये म्हणून त्यावर पाणी ओतीत राहावें लागे. दोराच्या वेटोळ्यांत पाय सांपडून किंवा शेंपटीच्या तडाख्यानें होडी फुटून माणसें दगावत. १९४९ सालीं रॉबर्ट क्लार्क या इंग्रज शास्त्रज्ञानें ही शिकार प्रत्यक्ष पाहिली. अमेरिकन लोकांनीं केव्हांच टाकून दिलेली जुनी पद्धति येथें रोजच्या व्यवहारांत चालू होती. तिचें त्यानें लिहिलेलें तपशीलवार वर्णन १९५४ सालीं छापून निघालें.

विजियाच्या डोळ्यांची कसोटी पाहणारा एक प्रसंग शेजारच्या फायाल बेटावर घडला. २७ सप्टेंबर १९५७ रोजीं तेथील टेहळ्यांना किनाऱ्याजवळचा समुद्र एकाएकीं उकळूं लागलेला दिसला. देवमासा तर नव्हे, मग काय? तो समुद्राच्या तळचा ज्वालामुखी होता. तेरा महिने तो धुमसत राहिला, राखेनें शेतें आणि घरें बुजलीं, आणि हजारों लोक देशोधडीस लागून अमेरिकेंत गेले. या प्रचंड उत्पाताची पहिली वर्दी देणारी दुर्बीण देवमाशासाठीं मांडलेली होती.

पुढें तेलाचें मोल उतरत गेलें. १९८२ सालीं आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगानें व्यापारी शिकार थांबविण्याचा ठराव केला. पिकोच्या उत्तर किनाऱ्यावर साओ रोक येथें देवमाशांचें तेल काढण्याचा कारखाना होता, तो १९८४ सालीं बंद पडला, आणि १९८७ सालीं लाजेशच्या समुद्रांत शेवटचा देवमासा मारला गेला. ज्यांनीं हे प्राणी मारले त्यांना आज शहरांत बसून क्रूर म्हणणें फार सोपें आहे. एका तेलाच्या पिंपावर ज्यांच्या घरची चूल अवलंबून होती, आणि भाल्याच्या एका टोकाला देवमाशाचा तर दुसऱ्या टोकाला स्वतःचा जीव बांधून जे समुद्रांत उतरत, त्यांचा न्याय करतांना थोडें सबुरीनें घेतलेलें बरें.

धंदा संपला आणि कड्यावरच्या खोल्या ओस पडल्या. पण फार काळ नाहीं. १९९० च्या सुमारास बेटावर येऊन राहिलेल्या एका फ्रेंच दर्यावर्दी गृहस्थानें लोकांना देवमासे नुसते दाखविण्यासाठीं होडी सोडावयास आरंभ केला. पण देवमासे शोधणार कोण? शोधणारे गांवांतच होते. जुन्या शिकाऱ्यांतीलच माणूस दुर्बिणीमागें पुन्हां येऊन बसला. फट तीच, डोळे तेच, फवाऱ्याची खूण तीच; शेवटीं फेंकावयाचा भाला तेवढा गेला. त्या पिढीचे लोक आतां थकले किंवा गेले. त्यांच्याजवळ बसून शिकलेले आज त्या जागीं आहेत.

आतां धक्क्याकडे वळावें. सकाळचे नऊ वाजले आहेत. दहाबारा उतारू जमले आहेत. कोणी जर्मन, कोणी फ्रेंच, कोणी लिस्बनकडचे. एक पांढऱ्या केंसांच्या आजीबाई आहेत. इतक्या दूर त्या केवळ याच एका कामासाठीं आल्या आहेत, आणि उद्यां त्यांचें विमान आहे. सर्वांच्या अंगांत तरंगणारीं जाकिटें चढवलेलीं आहेत. होडी टणक बुडाची, कडेला हवेनें फुगविलेल्या रबरी नळ्यांची. तींत घोड्यावर बसावें तसें पाय टाकून बसावयाचें. तांडेल मात्र अजून बिनतारी यंत्राशीं बोलत उभा आहे. जावें कीं न जावें, हा प्रश्न आहे. लोकांनीं पैसे भरले आहेत म्हणून समुद्र कांहीं त्यांची भीड धरीत नाहीं. वारा आणखी चढला तर परततांना बंदराच्या तोंडाशीं लाटा फुटूं लागतील. विजिया वरून सांगतो कीं बाहेर लाटा तीन मीटरांच्या आहेत, पण लांब आहेत. दुपारपर्यंत वारा चढेलसें दिसत नाहीं. आणि दक्षिणेस दोन कोसांवर त्याला कांहींतरी दिसलें आहे. तांडेल उतारूंना स्पष्ट सांगतो कीं ज्याच्या पाठीला दुखणें आहे त्यानें उतरावें. दोघे उतरतात. आजीबाई उतरत नाहींत.

बंदराचा आडोसा सुटला कीं होडी वेगळीच वस्तु बनते. लाटेच्या चढावर यंत्र जोर करतें, माथ्यावर येतांच तांडेल तें मंद करतो. न केलें तर होडी हवेंत जाऊन दगडावर आपटल्यासारखी खालीं येईल. माथ्यावर असतां सारा पिको पर्वत दिसतो आणि खालच्या घळींत उतरतांच चहूंबाजूंनीं पाण्याच्या भिंती. पहिल्या अर्ध्या घटकेंतच तिघाचौघांच्या चेहऱ्यांवरचा रंग उडतो. क्षितिजावर नजर ठेवावी म्हणजे मळमळत नाहीं, हा उपदेश खरा आहे. पण क्षितिजच जेव्हां जागेवर राहत नाहीं तेव्हां त्याचा उपयोग बेताचाच. अशा वेळीं त्या समुद्रांत सुखी असे जीव दोनच. एक शीअरवॉटर जातीचे करडे पक्षी. हे मोठ्या संख्येनें याच बेटांवर घरटीं करतात, आणि पंख न हलवितां लाटेच्या कडेनें वाऱ्यावर असे घसरत जातात कीं पंखाचें टोक पाण्याला लागतें न लागतें.

दुसरे डॉल्फिन. एकाएकीं होडीच्या नाळेपुढें दहावीस पाठी चमकून जातात, मग पन्नास, मग मोजदाद राहत नाहीं. वादळी हवेचें त्यांना वावडें नाहींच. उलट लाटांनीं त्यांना उत्साह येतो असें वाटतें. लाट जेव्हां होडीहून उंच उभी राहते आणि उन्हाची तिरीप तिच्यांतून आरपार जाते, तेव्हां तिच्या हिरव्या भिंतींत ते कांचेच्या कपाटांत मांडल्यासारखे दिसतात. अंगावरचा पिवळसर पट्टाही ओळखूं येतो. होडीच्या रेट्यानें पुढें ढकलल्या जाणाऱ्या पाण्यावर ते फुकटची सवारी करतात, कंटाळा आला कीं निघून जातात. ओकाऱ्यांनीं बेजार झालेला एक तरुणही तेवढा वेळ मान वर करून हंसतो. थोडें पुढें रिसो जातीचे डॉल्फिन लागतात. ते करडे आणि बोथट तोंडाचे असतात. एकमेकांच्या दांतांनीं त्यांच्या अंगावर ओरखडे उठतात आणि ते पांढरेच राहतात, त्यामुळें म्हातारा डॉल्फिन जवळजवळ पांढरा दिसतो. हे मात्र होडीशीं लगट करीत नाहींत.

पण लोक आले आहेत ते काशालोतासाठीं, आणि त्याचा पत्ता नाहीं. विजियानें दाखविलेल्या जागीं तांडेल पोंचतो तों पाणी रिकामें. मग तो यंत्र बंद करतो आणि पाण्यांत ऐकण्याचें एक यंत्र दोरीनें सोडतो. यंत्र बंद होणें हा उतारूंच्या दृष्टीनें सर्वांत वाईट काळ, कारण चालती होडी लाट कापते, थांबलेली होडी लाटेच्या स्वाधीन होते. परंतु यंत्राच्या घरघरींत खालचें कांहीं ऐकूं येत नाहीं. कर्ण्यांतून आधीं नुसती सळसळ येते. मग तिच्या पाठीमागून, घड्याळजीच्या दुकानांत शिरावें तशी टकटक. एक, दोन, तीन निरनिराळ्या चालींची घड्याळें. खालीं हजार मीटरांवर त्यांचें जेवण चाललें आहे. वीस मिनिटें जातात. आजीबाई डोळे मिटून कठडा घट्ट धरून बसल्या आहेत. तरुण विचारतो, “परत कधीं जावयाचें?” तांडेल नुसतें बोट वर करून कान देतो, एक घड्याळ थांबलें आहे. टकटक थांबली म्हणजे शिकार संपवून प्राणी वर यावयास निघाला असें बहुधा समजावें.

पण तो कोठें वर येणार? होडींत बसलेल्या माणसाची नजर पाण्यापासून दीडदोन मीटर उंच, आणि लाट तीन मीटरांची. शंभर पावलांवर फवारा उठला तरी मध्यें लाट आली कीं दिसत नाहीं. येथें कड्यावरच्या माणसाशिवाय गत्यंतर नाहीं. बिनतारी यंत्रांतून त्याचा आवाज येतो, “डावीकडे. आणखी डावीकडे. चारशें मीटर. दोन मोठे, एक लहान.” पूर्वीं होडींतल्या शिकाऱ्यांना दिशा दाखविण्यासाठीं हाच विजिया कड्यावरून पांढरीं फडकीं दाखवीत असे. तांडेल होडी वळवितो. तो समोरून जात नाहीं; मागून, एका बाजूनें, यंत्र अगदीं मंद ठेवून जातो. ही चालही शिकाऱ्यांचीच. फरक एवढाच कीं शिकारी अंगाला अंग भिडेपर्यंत जात. याला पन्नास मीटरांवर थांबावें लागतें. अझोर्सच्या विधिमंडळानें १९९९ सालीं यासंबंधीं कायदा केला आहे.

लाटेच्या माथ्यावरून प्रथम दिसतें तें एक सुरकुतलेलें, काळसर, ओल्या ओंडक्यासारखें कांहींतरी. मग त्याच्या टोकांतून ‘फूः’ असा आवाज होऊन फवारा डावीकडे कलतो आणि वारा त्याचे तुषार होडीवर आणून टाकतो. लाट त्या पाठीवर चढते, फुटते, उतरते. पाठ हलत नाहीं. इतका वेळ ज्या समुद्रानें होडीला चेंडूसारखें झेललें, तो समुद्र या प्राण्याला जणूं शिवतच नाहीं. होडींत कोणी बोलत नाहीं. कॅमेरे काढलेले आहेत, पण हात स्थिर राहत नाहींत. आठनऊ श्वास होतात. पाठीला बांक येतो, आणि पाणी गाळीत ती रुंद शेंपटी सावकाश वर उठते, क्षणभर आकाशावर तोलल्यासारखी राहते आणि आवाज न करतां आंत जाते. पाठोपाठ दुसरी. पाण्यावर दोन गुळगुळीत चकत्या तेवढ्या उरतात.

आणि उरतें तें पिलूं. चार मीटरांच्या आसपास लांबीचें तें पिलूं लाटांत एकटेंच डोकें वर काढून आहे. इतक्या खोल बुडी मारण्याचें बळ त्याच्यांत अजून आलेलें नाहीं. काशालोतांत माद्या आणि पिलें कुटुंब करून राहतात, आणि आया आळीपाळीनें बुड्या मारतात, म्हणजे पिलाजवळ शक्यतों कोणी ना कोणी राहतें. पण कांहीं मिनिटें असा खंड पडतो. पिलूं होडीच्या दिशेला वळतें. जवळ जाण्यास याहून सोपी संधि मिळावयाची नाहीं. दोन तास हाल सोसलेले उतारू तांडेलाकडे पाहतात. आजीबाई हळूच म्हणतात, “बाबा, थोडें पुढें घेतां येणार नाहीं का? मीं पुन्हां काहीं येथें यावयाची नाहीं.”

तांडेल वयानें त्यांच्या मुलासारखा आहे. तो नम्रपणें सांगतो, “आजी, आई खालीं गेली आहे. तिनें पिलाला वर ठेवलें तें आपल्या भरंवशावर नव्हे.” आणि तो होडी मागें घेऊं लागतो. एकट्या पिलाजवळ जाण्यास कायद्यानेंही मनाई आहे. पण त्या क्षणीं त्या पाण्यावर कायदा पाहणारें दुसरें कोण होतें? दोनअडीचशें मीटर मागें आल्यावर, लाटेच्या माथ्यावर असतां, पिलाशेजारीं एक फवारा उठलेला दिसतो. खालून दुसरी मादी वर आली आहे.

या नव्या धंद्याला आक्षेप नाहींत असें नव्हे. होड्यांची गर्दी झाली तर देवमासे विश्रांति अर्धवट टाकून बुडी मारतात, यंत्रांचा गोंगाट त्यांच्या ऐकण्याच्या आड येतो, आणि कांहीं तांडेल उतारूंच्या हौसेपुढें नमतात. म्हणूनच परवान्यांची संख्या मर्यादित ठेवण्याची, आणि एका प्राण्याजवळ फार होड्यांनीं जमूं नये अशी व्यवस्था तेथें केलेली आहे. मोठ्या मालवाहू जहाजांच्या धडका आणि समुद्रांत टाकलेलें प्लॅस्टिक हीं संकटें मात्र कोणत्याही तांडेलाच्या हातचीं नाहींत.

परतीच्या वाटेवर वारा पाठीशीं असतो, पण मागून येणारी लाट पुढून येणाऱ्या लाटेपेक्षां अधिक फसवी. बंदराच्या तोंडाशीं काळ्या खडकांवर पाणी फुटत आहे. तांडेल बाहेरच थांबतो, लाटा मोजतो. एक मोठी जाऊं देतो, दुसरी जाऊं देतो, आणि तिसरीच्या पाठीवरून होडी झट्‌दिशीं आंत घालतो. धक्क्यावर उतरतांना आजीबाईंचे पाय लटपटतात; ज्या तरुणानें परत जाण्याची घाई केली होती तोच त्यांना हात देतो.

धक्क्याजवळच शिकारी होड्या ठेवण्याच्या जुन्या वखारींत १९८८ पासून संग्रहालय आहे. ओल्या कपड्यांनींच कांहीं उतारू आंत शिरतात. तेथें ती लांब उघडी होडी आहे, दोराचीं पिंपें आहेत, भाले आहेत, आणि देवमाशाच्या दांतांवर शिकाऱ्यांनीं सुईनें कोरलेलीं जहाजांचीं चित्रें आहेत. आजीबाई होडीच्या नाळेपाशीं उभ्या राहतात आणि भालाईत जेथें गुडघा टेकून उभा राहत असे ती खांच हातानें चांचपून पाहतात. बाहेर वारा चढला आहे. दुपारची फेरी रद्द झाल्याची पाटी लागली आहे. कड्यावरच्या खोलींत विजिया अजून बसलेला आहे.